ऊन अंगावर येईपर्यंत

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. कॅमेऱ्याची पेटी सगळा प्रवास मांडीवर घेऊन बसलो होतो, त्यामुळे पाय आखडले आणि बसमधून मी म्हाताऱ्यासारखा उतरलो. पण मान वर केली आणि सगळा शीण पळाला. रस्ता संपतो, शेवटचं घर संपतं आणि त्याच्या परसातून थेट डोंगर सुरू होतो. ते शेवटचं घर म्हणजे माझं बिऱ्हाड.

खोली वरच्या मजल्यावर आहे. टेबल, खुर्ची, भिंतीतलं कपाट, खिडकीला जाड पडदा. मालकीणबाई बोलक्या आहेत. चहा निवायच्या आत त्यांनी माझा पगार सोडून सगळं विचारून घेतलं. मुलगी येणार आहे म्हटल्यावर कुठूनशी एक छोटी खाट ओढत आणली आणि माझ्या पलंगाशेजारी लावून टाकली. त्या खाटेकडे बघून मला फार बरं वाटलं.

बायको गेल्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून आमची भिंगरी माझ्या ताईकडे आहे. ताईने स्पष्ट सांगितलंय, आधी एका जागी टिकून दाखव, मग पोरीला ने. भटक्या बापामागे तिची फरफट मी होऊ देणार नाही. बरोबरच आहे तिचं. म्हणून ही नोकरी, आणि ती टिकवायचीच आहे.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नाही. पण ही पोरगी एका जागी उभी राहिलेली मी अजून पाहिलेली नाही. बाप फोटोग्राफर आणि लेकीचा एकही धड फोटो नाही. सगळ्यांत नुसती धूसर रेघ.

५ नोव्हेंबर

पहिली पहाट. घरामागच्या कुरणात एक लोखंडी खुंटी ठोकलेली आहे. तिच्यावर ट्रायपॉड उभा करायचा, रोज तीच लेन्स, तीच चौकट. एक फोटो उजाडण्याआधीच्या निळ्या उजेडात, दुसरा शिखरावर ऊन पडल्यावर. शहरातलं कार्यालय ते शेजारी शेजारी ठेवून बर्फ किती उतरला, उतार कुठे खचला ते बघतं. निळा उजेड म्हणजे अगदी जेमतेम, त्यामुळे शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात जे हलतं ते फोटोत येतच नाही. जे थांबतं तेवढंच उमटतं. जमीन भुसभुशीत आहे, पाय बदलला तरी ट्रायपॉड हादरतो. म्हणून मी श्वास रोखून खांबासारखा उभा राहतो. जुनी सवय आहे.

फोटो झकास आला. उतारावर माणसाएवढे काही दगड उभे आहेत, त्यांनी चौकटीला छान तोल येतो. शिखर आधी गुलाबी झालं, मग ऊन पायरी पायरीने खाली आलं.

गंमत मात्र गावाची. कुरणातून गल्ली दिसते. पाववाला डोक्यावर टोपली घेऊन जागच्या जागी पाय आपटत होता. समोरची बाई झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत होती. एक आजोबा दारात बसून नुसते डोलत होते. ऊन गल्लीत उतरलं आणि सगळे एकदम थांबले, गप्पा मारायला लागले. मला हसू आवरेना.

८ नोव्हेंबर

मालकीणबाईंनी आज मला फैलावर घेतलं. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला रोज बघतात म्हणे. ऊन अंगावर येईपर्यंत थांबायचं नाही, त्या म्हणाल्या. बोटं हलव, गाणं म्हण, काहीही कर, पण थांबू नको. का, विचारलं तर म्हणाल्या, त्या वेळी जे थांबतं ते डोंगराला आपलं वाटतं.

मी म्हटलं, आमच्या धंद्यात हललो की मेलो. त्या हसल्या नाहीत. आधीचा फोटोग्राफरही असंच म्हणायचा, एवढं बोलून चहा गाळायला लागल्या. तो कुठे गेला, विचारलं. त्याचे हातमोजे अजून तुझ्या कपाटात आहेत, म्हणाल्या. कार्यालयातले साहेब तर म्हणाले होते, त्याला दुसरीकडे नोकरी लागली.

बाई चांगल्या आहेत, पण डोक्यात एकेक खूळ असतंच माणसाच्या.

१३ नोव्हेंबर

डाव्या हाताची बोटं दुपारपर्यंत बधिर राहतात. थंडीने असेल. आज चहा हातावर सांडला आणि मला कळलंच नाही. मालकीणबाई ओरडल्या तेव्हा बघितलं, कातडी लाल झाली होती.

आणखी एक गोष्ट. पेटी आवरताना बायकोची शाल हाती आली. इतके महिने ती उघडायची माझी छाती होत नव्हती. आज उघडली, झटकली, घडी करून ठेवली. काहीच झालं नाही. मला हायसं वाटलं. पहाटे त्या थांबलेल्या वेळात सगळं शांत होतं, आणि ती शांतता हल्ली दिवसभर पुरते.

ताईला कळवलं की मी टिकलोय. पुढच्या शनिवारी भिंगरीला पाठवते म्हणाली.

१७ नोव्हेंबर

पहिल्या दिवसाचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी लावून मोठे करून पाहिले. एक दगड जास्त आहे. उताराच्या खालच्या अंगाला, ओढ्यापाशी. बाकीच्यांपेक्षा काळा, ओला वाटावा असा. त्याच्या शेजारी तीन बारीक काड्या, वर एकत्र जुळलेल्या.

ट्रायपॉड आहे तो. आयुष्यभर ट्रायपॉड बघतोय मी, मला चुकेल कसं.

दिवसाउजेडी ओढ्यापर्यंत चालत गेलो. तिथे काहीच नाही. परत आलो, जेवलो. भीती वाटायला हवी होती. नुसतं कळलं, की ही भीती वाटण्यासारखी गोष्ट आहे.

१९ नोव्हेंबर

फोटोत तो दगड जवळ आलाय, आणि तो दगड नाही, माणूस आहे. ओढा ओलांडून कुरणाच्या कुंपणाशी. कॅमेरा माझ्याकडे रोखलेला. हातात मोजे नाहीत. चेहरा अगदी नीट उमटलाय, पापणीसुद्धा हललेली नाही.

मालकीणबाईंना दाखवला. त्यांनी एकदाच पाहिला आणि खाली बसल्या. तोच, आधीचा, म्हणाल्या. आजच्या बसने जा, म्हणाल्या. मी म्हटलं, नोकरी सोडली तर ताई पोरगी देणार नाही. त्या म्हणाल्या, अरे, तू असलास तर ती तुला मिळणार ना!

खरं आहे. उद्यापासून पाय आपटत फोटो काढीन. हलला तर हलला.

२० नोव्हेंबर

पाववाल्याने धरून हलवलं तेव्हा भान आलं. ऊन केव्हाच अंगावर आलं होतं. शटर दाबल्यानंतरचं काही आठवत नाही. हाका मारून घसा बसला, म्हणाला तो. मी त्याला ऐकलंच नाही. पायात गोळे नाहीत, थंडी नाही. काही नाही.

पाय आपटायचे होते ना मला? विसरलो कसा—

२१ नोव्हेंबर

आज गेलोच नाही. कडी लावून अंथरुणात राहिलो.

तरी कॅमेऱ्यात आजचा फोटो आहे. नीट चौकटीतला. बुटांना ओला चिखल.

फोटोत तो आता कुंपणाच्या आत आहे. त्याच्या शेजारी थोडी जागा मोकळी.

ताईला फोन केला, पोरीला पाठवू नको म्हणून. लागला नाही. पुन्हा केला तेव्हा लागला. ओळखीच्या कंडक्टरच्या हवाली भिंगरी बसमध्ये बसलीसुद्धा.

२२ नोव्हेंबर

भिंगरी आली. बसमधून उडी मारून गळ्यात पडली. दात पडलाय तिचा. गावभर दाखवत सुटली.

मला आनंद झाला नाही. लिहायला लाज वाटते म्हणावं, तर लाजही वाटत नाही. तिचे हात माझ्या मानेभोवती होते आणि मला ते जाणवले नाहीत. माझी लेक आहे ती. हे मला ठाऊक आहे. पाठ केल्यासारखं ठाऊक आहे.

खाटेवर उड्या मारत म्हणाली, बाबा, मी शिकलेय. आत्याने शिकवलं. आता मी अजिबात हलत नाही. तुला छान फोटो देणार मी.

तिला दरडावून सांगितलं, सकाळी बाहेर यायचं नाही. हिरमुसली. आजची बस लगेच परत गेली, उद्याच्या बसने तिला घेऊन निघायचं. नोकरी गेली खड्ड्यात. मालकीणबाईंना म्हटलं, मला बाहेरून कुलूप घाला. घातलं त्यांनी. पोरीला खाली स्वतःजवळ घेऊन निजल्यात.

सामान बांधून ठेवलंय.

२३ नोव्हेंबर

खुंटीपाशी आहे. कसा आलो ते— कुलूप होतं ना. खिशात ही वही, पेन्सिल.

निळा उजेड. शटर उघडं आहे. मी दाबलं नाही.

मान वळत नाही. जीभ नाही. उजवा हात चालतोय, मनगटापर्यंत. लिहितोय तोवर हलतोय. म्हणून लिहितोय. थांबायचं नाही. ऊन शिखरावर आलं. वेळ आहे अजून खाली यायला. लिहीत राहायचं. अ आ इ ई काहीही—

तो शेजारी आहे. डोळ्याच्या कोपऱ्यात. गार नाही, ऊब नाही.

परसाचं दार वाजलं.

भिंगरी. लाल स्वेटर, पाय अनवाणी. मला शोधत आली. बाबा, इथे उभी राहू का, म्हणते. कॅमेऱ्याच्या समोर. मी उत्तर देत नाही, म्हणजे हो, असं वाटलं तिला.

उभी राहिली. हात सरळ. हनुवटी वर. श्वास रोखलाय तिने, माझ्यासारखा.

हलत नाही. कधी नव्हे ते—

आता वाटतंय. आता सगळं वाटतंय. इतके दिवस कुठे होतं हे, छाती फुटतेय माझी, आवाज नाही—

मागून मालकीणबाई धावत येतायत, पावलं ऐकू येतायत. लांब आहेत. ऊन अजून लांब.

हल बाळा. पाय आपट. दात दाखव सगळ्यांना. जन्मभर तुला हलू नको म्हणत आलो, ते ऐकू नको. बाबाचं ऐकू नको गं भिंगरे, बाबाचं कधीच ऐकू न—