लायब्ररीवर माझी नजर

२ जून, सोमवार
लायब्ररीवरून आज पुन्हा वाजलं. पुस्तकांची नव्हे. आमच्या वर्कशॉपात लिफ्टच्या दाराचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनतात. बोर्डावर बसणाऱ्या प्रत्येक पार्टचं चित्र कॉम्प्युटरात असतं, कुठला पाय कुठल्या भोकात जाणार ते. त्या चित्रांच्या साठ्याला म्हणे लायब्ररी. माझ्या स्टोअरच्या ड्रॉवरांना कोणी लायब्ररी म्हणत नाही, कारण तिथे सगळं सापडतं.
तिघांच्या तीन प्रती. सुनेकडची 'नवी', नातीकडची 'नवी खरी', मुलाकडची 'शेवटची दोन'. ड्रॉइंग बाहेर जाऊ नयेत म्हणून आमचे बोर्ड घेणाऱ्या लिफ्टवाल्याने इंटरनेट तोडायला लावलंय, त्यामुळे एकमेकांना पाठवायची सोय नाही. जिना आहे. चढणार कोण?

४ जून
नातीने उपाय आणला. कपाटात एक डबा, तिन्ही कॉम्प्युटर तारेने त्याला जोडले. लायब्ररी एकच, डब्यातली. कोणी काही बदललं की डबा लिहून ठेवतो, कोणी आणि केव्हा. का बदललं ते आपण लिहायचं. जुनं पुसलं जात नाही, पाहिजे तेव्हा परत मिळतं.
घरात सासू असताना हे सगळं लक्षात ठेवायला डबा कशाला, असं मी विचारलं. सूनबाई हसल्या. भिंतीकडे तोंड करून.

५ जून
मलाही पासवर्ड हवा. चौथीपर्यंत शिकले असले तरी चाळीस वर्षं पार्ट हाताळलेत. मुलगा म्हणाला, आई, तू स्टोअर बघ ना.
अबोला धरला.

७ जून
पासवर्ड मिळाला. मुलाची अट: एक जरी घोळ झाला तरी पासवर्ड परत. मी म्हटलं, घोळ घालायला तुम्ही तिघं आहात की.
नातीने शिकवलं. माउस धरायचा, पायाचा नंबर ओढायचा, कारण लिहायचं, बटण दाबायचं. हे काम करायला सूनबाईंना दोन वर्षं कॉलेज लागलं.

९ जून
सूनबाईंनी लिहिलेली कारणं वाचली. 'दुरुस्ती'. 'किरकोळ दुरुस्ती'. 'पुन्हा दुरुस्ती'. माणूस एवढं चुकतो कसा?
संकल्प: रोज एक तरी चूक पकडायची.

१० जून
चूक सापडली नाही. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१२ जून, दुपारी
सापडली! दाराच्या तारा जोडायचं नवीन सॉकेट आलंय, आठ पायांचं, दोन ओळींत. सूनबाईंनी त्याचं चित्र टाकलेलं. मी ड्रॉवरमधून खरं सॉकेट काढलं, टेबलावर पालथं घातलं, पाय वर. एकेक पाय तपासला. चित्रात सगळेच नंबर उलटे! दहा मिनिटांत फिरवले. कारणही सविस्तर लिहिलं. सुनेला सांगितलं नाही. उगाच खजील होईल बिचारी.

१३ जून
सूनबाईंनी डब्यातून ताजी लायब्ररी घेतली आणि बोर्ड छापायला दिले. काही न बघता. आयतं मिळालं की असंच.

२४ जून
चाळीस बोर्ड छापून आले. सॉकेटं मी स्वतः बसवली, आठही पाय भोकांत कसे चपखल. पाय जोडणारं कथलाचं सोल्डर असं की आरसा.

२६ जून
लिफ्टवाला आला. एक बोर्ड त्याच्या दाराला जोडला. उघडायचं बटण दाबलं, दार बंद. बंद करायचं दाबलं, दार उघडलं. तो म्हणाला, बाहेर पडायचं असेल तर बंद करा, अशी पाटी लावू का? दोन दिवस दिले. नाही जमलं तर तो दुसरीकडे जाणार.
मी सगळ्यांदेखत सुनेला विचारलं, चित्र काढताना लक्ष कुठे असतं? म्हटलं, डबा उघडा, मोठ्याने वाचा, होऊन जाऊ दे.
नातीने वाचलं. बारा जून. नाव: आजी. कारण: 'सूनबाईंनी आठही नंबर उलटे टाकले होते. डोळे उघडे ठेवून सुधारले.' शाळेत ही पोरगी इतकं खणखणीत कधी वाचत नव्हती.
वर मला समजावलं की आजी, चित्र वरून बघायचं असतं, तू सॉकेटच्या पोटाकडून बघितलंस, म्हणून डावं-उजवं उलटलं. पाय पोटाकडे असतात. मग बघायचं कुठून?
सूनबाईंनी अर्ध्या मिनिटात जुनं चित्र परत आणलं. बोर्ड तसे परत फिरत नाहीत.

२७ जून
तोडगाही सूनबाईंचाच. सॉकेट बोर्डाच्या मागच्या बाजूने लावलं की नंबर जुळतात. चाळीस काढायची, चाळीस लावायची. मी जाहीर केलं, एकटी करणार.
अकराव्याला सोल्डर शेजारच्या पायावर सांडलं. सूनबाईंनी खुर्ची ओढली आणि माझ्या हातातून सोल्डरची कांडी घेतली. काही बोलल्या असत्या तर उत्तर तयार होतं.

२८ जून
दार उघडायचं तेव्हा उघडलं. लिफ्टवाला बोर्ड घेऊन गेला. मुलगा पासवर्ड काढायला निघालेला, सूनबाई म्हणाल्या, राहू दे, आईंची हौस आहे. फक्त आईंनी काही बदललं की ते आधी माझ्याकडे येऊ दे. त्यांनी हो म्हटलं की मगच म्हणे ते लायब्ररीत जाईल.
म्हणजे माझ्या हाताखाली माणूस दिला, असं मी समजते.

३० जून
सकाळी एका पार्टच्या नावातली चूक सुधारून पाठवली. बारा वाजता बघितलं, तशीच. तीन वाजता बघितलं, तशीच. सूनबाई समोर बसून चहा पीत होत्या.
मी काही विचारणार नाही.
चार वाजता विचारलं. म्हणाल्या, बघते हं आई, हातातलं झालं की.