मस्तकी चघळणाऱ्यांचा जबडा

६ नोव्हेंबर
जांभई दिली आणि जबडा अडकला! उघडा तो उघडाच. नणंद मार्केला मस्तकी निवडायची सुरी हातात धरून खिदळत बसली. "वहिनी, थांबलं एकदाचं तुझं तोंड!" मग कानापुढं कट् झालं आणि मिटलं. डोळ्यांत पाणीच आलं.

दारात बसून मस्तकीच्या झाडाच्या डिंकाचे खडे खरवडायचे, एक खडा तोंडात चघळायचा – सगळं गाव हेच करतं. जबडा दुखतोय? मग अजून चघळ, मस्तकी सगळ्यावर औषध! चघळली. रात्रभर कान ठणकला.

१० नोव्हेंबर
बंदरावर दातांच्या डॉक्टरीणबाईकडं गेले. पोरगीच आहे. कानापुढं बोट ठेवलं, तोंड उघडायला लावलं. "मावशी, कान ठणठणीत आहे. हा जबड्याचा सांधा दमलाय. चघळणं बंद."

बंद! मस्तकीच्या बेटावरच्या, खिओसच्या बाईला!

मऊ खायचं. गरम फडक्यानं शेकायचं. ओठ मिटलेले, पण दात सुटे. "ओझं उचलताना माणसं दात आवळतात, तेही सोडा." रात्री दातांवर घालायला प्लॅस्टिकचं कवच करून देणार आहे. आमचे हे, इसिदोरोस, म्हणाले, चला, घोडीला लगाम मिळाला!

२४ नोव्हेंबर
कवच घालून झोपते. कट् आवाज कमी. खडा तोंडात नाही म्हणून जीव कासावीस होतो, पण उतार आहे. गल्लीत दिसेल तिला सांगत सुटलेय. मार्केला मला "डॉक्टरीणबाई" म्हणते.

३० नोव्हेंबर
आता इसिदोरोसचा जबडा! ऑलिव्हचं पोतं खांद्यावर घेऊन वर चढत होते, मध्येच थांबले. हात गालावर, तोंड पांढरंफटक. "काही नाही गं. बसलो की जातं."

कानापुढं बोट ठेवून बघितलं. उघडा म्हटलं, मिटा म्हटलं. कट् नाही. दाबलं तरी दुखत नाही. पण ओझं घेतलं की दात आवळतात ना! आणि लहानपणापासून तोंडात मस्तकी. माझंच दुखणं, दुसरं काय. तोंडातला खडा काढायला लावला.

"आणि धाप लागते ती पण मस्तकीनंच का?"

म्हटलं, वय झालं तुमचं.

५ डिसेंबर
रोज शेकतेय. पेज, उकडलेला बटाटा, दुधात भिजवलेला पाव. "दात असून बोळका केलंस मला," म्हणतात. बसून असले की दुखत नाही. म्हणजे गुण येतोय! तरी मला मेलीला झोप का लागत नाही, कोण जाणे.

९ डिसेंबर
आज घरचा जिना चढतानाही थांबले. ओझं नव्हतं हातात. डावा हात जड झालाय म्हणाले. चला बंदरावर, डॉक्टरला दाखवू, म्हटलं. "माझी डॉक्टर घरातच आहे की!"

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू – बरं वाटलं.

११ डिसेंबर
इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय.

कवच हिरडीला घासतं म्हणून सकाळी त्या पोरीकडं गेले. निघताना सहज यांचं सांगितलं. कौतुकानंच सांगत होते, मी कशी शेकते वगैरे. तिचा हात थांबला.

"मावशी, चावताना दुखतं की चढताना?"

चढताना.

"तोंड उघडताना?"

नाही.

"अहो, हा जबडा नाही. हे हृदयाचं असेल. काका कुठं आहेत आत्ता?"

वरच्या मळ्यात! ऑलिव्ह झोडायला. तिनं तिथूनच रुग्णवाहिकेला फोन लावला, मी मार्केलाला. मार्केला धावत वर गेली. बांधाच्या पायऱ्यांवर बसलेले सापडले, हात गालावर.

आत नेलंय. कुणी काही सांगत नाही. देवा, मला काय कळत होतं? मी कोण लागून गेले होते!

१९ डिसेंबर
उद्या इसिदोरोसना जाऊन नऊ दिवस. देवळात त्यांच्या नावानं वाटायचे गहू शिजवले. मार्केलानं दाणा चावून बघितला. "वहिनी, फार मऊ झालेत गं."

झाले. त्यांना चावायला त्रास नको म्हणून –