फ्लेक्ससाठी टोचलेलं कपाळ

अहो,

मी भावासंगं अंबाजोगाईला डोळ्याच्या डॉक्टरकडं चाललेय. सरपंचपदाला उभी मी असले तरी आजच्या सभेला येणार न्हाई. फ्लेक्सवर बायको तरुण दिसावी म्हणून तुमीच पार्लरात नेऊन माझ्या कपाळात सुरकुत्या घालवायच्या औषधाच्या सुया टोचायला लावल्या. डॉक्टर फोनवर म्हणले, त्या औषधानं डोळ्याचा स्नायू लुळा पडलाय. पापणी उचलत न्हाई, समोरचं माणूस दोन-दोन दिसतंय. काल तुमी दोन दिसलात, तवा लई किळस आली. वर म्हणता, गॉगल लाव आन् हात जोड. गॉगल टेबलावर हाय, पिठलं झाकून ठेवलंय. फ्लेक्सवर तसाबी तुमचाच फोटो मोठा हाय, सभेत त्यालाच उभा करा.

सत्यशीला