अडतीस किलोमीटर

९ फेब्रुवारी

वहिनींनी आज गाडीची किल्ली माझ्या हातात कोंबली. सायलेन्सरच्या मोटारसायकलची.

"भाऊजी, अकरा महिने झाले. चाकांतली हवा गेली, सीटवर मांजर व्यायलं. तुम्ही घेऊन जा, नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते."

सायलेन्सर म्हणजे त्यांचा नवरा. माझा दोस्त. तीस वर्षं आम्ही दोघांनी गाड्यांवरून रस्ते पालथे घातले. दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक पेट्रोलबद्दल. म्हणून सायलेन्सर. नाव मीच पाडलं. माझा धंदाच तो! दर रविवारी पेपरात सदर लिहायचं आणि दहा जणांची टर उडवायची.

किल्ली घेतली. नको म्हणायला तोंड लागतं. आणि त्या बाईसमोर माझं तोंड गेल्या मार्चपासून फक्त खोटं बोलतंय.

१० फेब्रुवारी

मांजर सीटवरून हलायला तयार नाही. गाडी तिथेच. सुटलो!

१३ फेब्रुवारी

नाही सुटलो.

सायलेन्सरची पोरगी आली. तेवीस वर्षांची, उंची बापाची, जीभ आईची. चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात — "काका, ११ मार्चला बाबांना जाऊन वर्ष होतंय. त्या रस्त्यानं जायचंय मला. बाबांच्या गाडीवरून. तुम्ही पुढे, मी मागे. तुम्ही दोघं जायचात तसंच."

मी काही बोलायच्या आत आमच्या सौभाग्यवतींनी तोंड उघडलं. "यांना नेतेस? वर्षभर गाडीला हात लावलेला नाही. पाव आणायला बसनं जातात. पाव स्वस्त, तिकीट महाग!"

पोरगी हसली. "मग सराव करा की. मलाही शिकवा. बाबा म्हणायचे, लांबच्या रस्त्याचे नियम काकानं केलेत."

हो. नियम माझेच. पहिला — पुढच्यानं मागच्याचा दिवा सतत आरशात ठेवायचा. दुसरा — म्हणून दिवसाढवळ्यासुद्धा दिवा चालू. तिसरा — फोन बंद करून बॅगेत. दिवा दिसतोय तोवर सगळं ठीक. दिसला नाही की वळायचं. विचार करत बसायचं नाही, वळायचं.

'बघू' म्हटलं. ती गेल्यावर बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिलो.

१६ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. वही काय कोणाला सांगायला जाणार आहे?

गेला ११ मार्च. दुपार. घाट उतरून सपाट रस्ता लागलेला. मी पुढे, तो मागे. तीनशेच्या आसपास किलोमीटर झालेले. आणि नेमकी ती वेळ, जिच्यापायी आम्ही जन्मभर मणके खिळखिळे करून घेतले. पहिल्या शंभरात कंबर कुरकुरते. दुसऱ्या शंभरात घरदार, हापिस, राहिलेली कामं, सगळे डोक्यात भांडतात. तिसऱ्या शंभरात सगळे गप्प! इंजिनाचा एक सूर धरलेला असतो, रस्ता आपणहून चाकाखाली येतो. हातांना कळत असतं, आपल्याला काही कळायची गरज नसते. इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, लग्न धरून. (बायकोनं ही वही वाचली तर मेलो.)

आरशात पाहिलं. दिवा होता. परत पाहिलं. दिवा होता. रविवारच्या सदराचा शेवट सुचला होता, म्हणून हेल्मेटमध्ये एकटाच हसत होतो.

चहाच्या टपरीवर थांबलो. मागचा दिवाही थांबला. गाडीवरून उतरला तो दुधाच्या कॅनवाला. अनोळखी माणूस. म्हणाला, "साहेब, बरं झालं तुम्ही पुढे होतात. वारा लागला नाही."

सायलेन्सर अडतीस किलोमीटर मागे होता. गाडी कडेला, नीट स्टँडवर. हेल्मेट हँडलला. हातमोजे टाकीवर, एकावर एक. आणि हा किलोमीटरच्या दगडाला पाठ टेकून बसलेला. पडला नव्हता, धडकला नव्हता. छाती. मी परत पोचेपर्यंत सव्वा तास झालेला. अंग अजून कोमट होतं.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अर्ध्या-पाऊण तासात आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता."

आणि मी वहिनींना काय सांगितलं? "त्यानं मागून डिपर मारला. मी लगेच वळलो. एका मिनिटात पोचलो. माझ्या हातावर गेला."

एक मिनिट! तीस वर्षं लिहितोय, पण माझं इतकं गाजलेलं वाक्य दुसरं नाही. वहिनी येईल त्याला ऐकवतात — "भाऊजी जवळच होते. एका मिनिटात संपलं. कळलंसुद्धा नसेल त्यांना."

हेल्मेटमध्ये सुचलेला तो विनोद त्या रविवारी छापून आला. आधीच पाठवलेल्या मजकुरात शेवट तेवढा फोनवर बदलायला सांगितला होता मी. कधी? अंत्यविधीहून आल्यावर. चौघांनी कळवलं, शेवट फक्कड जमलाय.

१९ फेब्रुवारी

मांजरानं पिल्लांसकट बिऱ्हाड हलवलं. गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. त्यानं प्लग साफ केला, चेनला तेल दिलं, नवी बॅटरी बसवली. तिसऱ्या किकला सुरू! तो आवाज ऐकला. तिथल्याच तेलाच्या डब्यावर बसलो.

आठ वर्षांचा होतो तेव्हा मामानं मला त्याच्या गाडीच्या टाकीवर पुढे बसवलं होतं. टाकी तापलेली, मांड्या भाजत होत्या, आणि मी 'अजून लांब, अजून लांब' ओरडत होतो. पन्नाशी उलटली तरी आतून कोणीतरी तेच ओरडत असायचं. वर्षभर त्यानं आवाज काढला नव्हता. आज काढला. लाज नाही मेल्याला.

मिस्त्रीला म्हटलं, "माझ्या गाडीचे आरसे बदल."

"फुटलेत कुठे?"

"बदल म्हटलं ना."

"साहेब, आरसा बदलून मागचं बदलत नाही," म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाला. या शहरात जो तो सदर लिहायच्या लायकीचा!

२१ फेब्रुवारी

संपादकाशी बोलताना दोनदा मान मागे वळवली. तो म्हणाला, "कोणी यायचंय का?"

नाही. यायचं कोणी नाही.

२५ फेब्रुवारी

पोरीबरोबर साठ किलोमीटर. मी पुढे, ती मागे बापाच्या गाडीवर. ती झकास चालवते. वळणावर अंग सैल सोडते, थेट बापासारखं.

पहिल्यांदा आरशात पाहिलं आणि हँडल हललं. त्याचाच दिवा! जरा पिवळट, जरा डावीकडे झुकलेला. बल्ब जुना, कधी बदलला नाही त्यानं. 'चालतोय की' म्हणायचा. म्हणजे चारांतलं एक वाक्य त्यातच जायचं.

दूधवाल्याचा दिवा पांढरा होता.

आज आठवलं. पांढरा, सरळ, लखलखीत. तीस वर्षं जो दिवा पाठीवर घेऊन फिरलो, त्याचा रंग मला अडतीस किलोमीटरमध्ये ओळखू आला नाही. मी दिवा आहे की नाही तेवढंच बघत होतो. कोणाचा आहे ते नाही.

थांबल्यावर पोरगी म्हणाली, "काका, इतकं काय मागे बघता? मी कुठे पळून जात नाही. आता नियम सांगा."

"दर दहा किलोमीटरला थांबायचं. हेल्मेट काढून एकमेकांचं तोंड बघायचं."

"बाबा तर म्हणायचे, दिवा दिसला की पुरे."

"बाबा चुकीचं सांगायचे."

मेलेल्या माणसावर ढकलून मोकळा झालो. वा रे वा!

१ मार्च

पोरगी नकाशा घेऊन आली. पोलिसांच्या कागदावरून दगडाचा आकडा शोधून त्यावर लाल टिंब केलंय. शाळेत गणित शिकवते — दुसरं काय होणार!

"एक मिनिट म्हणजे फार तर एक किलोमीटर. म्हणजे तुम्ही इथे कुठेतरी होतात. या पुलाच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे."

कुठला पूल, देव जाणे.

४ मार्च

बायकोला सगळं सांगितलं. तिनं कपाटाचं दार लावलं, खुर्ची ओढली, समोर बसली.

मग म्हणाली, "आणि आता तिलाही सांगणार?"

"सांगायला नको?"

"सांगून बरं कोणाला वाटणार आहे? तिला की तुम्हाला?"

इतरांच्या अशा प्रश्नांवर मी अर्धा रकाना भरून काढतो. आज एक शब्द सुचला नाही.

७ मार्च

आज सुचला. पोरगी रोज माझ्यामागे चालवते, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. तिला खोटं सांगून रस्त्यावर कसं न्यायचं? जिथे खोटं बोललो, नेमकं तिथेच?

उत्तर चोख आहे. इतकं चोख की माझाच मला संशय येतो.

११ मार्च

गेलो. आलो.

सकाळी थंडी होती. तिसऱ्या शंभरात सगळे गप्प झाले, मीसुद्धा. आणि झाला आनंद! लिहायला लाज वाटते, पण झाला. आरशात पिवळा दिवा, डावीकडे झुकलेला. कितीतरी वेळ मला वाटत राहिलं की तोच आहे, वर्षभर मागे राहिला होता, आता गाठलंय. दहा किलोमीटर झाले तरी मी थांबलो नाही. थांबलो असतो तर हेल्मेटमधून पोरगी निघाली असती.

तिनंच हॉर्न मारमारून थांबवलं. "काका! दगड मागे गेला!"

वळलो. ती दगडापाशी उतरली, पाच-दहा मिनिटं शेजारी मातीत बसली. मग उठून रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. नकाशा काढून बोटांनी अंतर मोजलं.

"नकाशात इथेच वाटलेला पूल बारा किलोमीटर पुढे आहे, काका. आणि तुम्ही त्याच्या पलीकडे होतात म्हणालात."

मी दगडावरचा आकडा बघत होतो.

"तुम्ही कुठे होतात?"

"घरी चल. आईसमोर सांगतो. दोनदा सांगणं जमायचं नाही मला."

परत येताना ती पुढे. दर थोड्या वेळानं वेग कमी करून आरशात बघत होती. मी आहे की नाही ते बघत होती, की मी कोण आहे ते — कळलं नाही.

१२ मार्च

सांगितलं.

वहिनी शर्टाला बटण लावत होत्या. मी बोलत असताना सुई चालू होती. दूधवाल्यापाशी आलो तेव्हा थांबली.

"अडतीस?"

"अडतीस."

"म्हणजे परत येईपर्यंत—"

"सव्वा तास."

"आणि तोवर ते एकटेच."

"हो."

मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. दारं आपटण्याची, पोरीच्या रडण्याची. त्यांनी दोरा दातानं तोडला, सुई रिळात खोचली. "बरं," म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. आतून कडी लागली.

पोरगी जिन्यापर्यंत आली. "काका, तुम्ही आता या."

खोटं कशाला लिहू? जिना उतरताना हलकं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा मागे वळून न बघता घरी चालत आलो. दोन वेळा वाढून घेऊन जेवलो. बायको बघत होती. बघू दे!

१३ मार्च

सकाळी वहिनींचा फोन. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो, नंतर लिहायचा धीर राहणार नाही.

"भाऊजी, त्या दिवशी यांनी मला तिथून फोन केला होता. हे मी कोणालाच सांगितलं नाही. म्हणाले, छातीत जळजळतंय, गाडी बाजूला घेतलीय. तो आत्ता वळेलच, म्हणाले, दिवा दिसला नाही की लगेच वळतो. मी म्हटलं, मग पाणी प्या आणि बसा जरा टेकून. आणि फोन ठेवला. मशीनमधले कपडे काढायचे होते. तुम्ही म्हणालात एका मिनिटात संपलं, तेव्हा वाटलं, चला, मी डॉक्टरला फोन केला असता तरी काय उपयोग होता. त्या एका मिनिटावर वर्ष काढलं मी. आता या सव्वा तासाचं काय करू, भाऊजी?"