शेड नंबर दोनशे चौदा

ती. सासूबाई यांस,

जावयाचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरता ना? (नसाल धरत. मी सांगितलेलं तुम्ही कधी ऐकलंय, म्हणून हे ऐकाल!) तुम्ही रागाने पिशवी उचलून गेलात त्याला सात महिने झाले. माझं अक्षर बघूनच पत्र फाडायला हात शिवशिवत असतील, तर एवढीच विनंती की शेवटपर्यंत वाचा आणि मग खुशाल फाडा.

तुमच्या नातीला, भिंगरीला, चौथं वर्ष लागलं. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवतात हे तुम्हाला माहीतच आहे. आता डॉक्टरीणबाईंनी नवीनच सांगितलंय. म्हणे रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर थोडं लोह अंगात येतं, आणि ते बाहेर टाकायची सोय माणसाच्या शरीरात नाही. ते हृदयात नि लिव्हरमध्ये ठाण मांडून बसतं. पाहुणा आला, गादी पसरली आणि जायचं नाव घेईना, तसलं. (हे तुम्हाला उद्देशून नाही. तुम्ही तर फार लवकर गेलात.) वेळीच काढलं नाही तर पुढे पोरीच्या हृदयालाच धोका, म्हणून औषध सुरू केलं. पोटाच्या कातडीखाली बारीक सुई, सुईला नळी, नळीला कंपासपेटीएवढा पंप. संध्याकाळी लावायचा, सकाळी काढायचा, आठवड्यातले पाच दिवस. मी विचारलं, किती महिने? बाई म्हणाल्या, रक्त चढतंय तोवर. म्हणजे कायमच की हो! मी शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी येईपर्यंत हलवतच राहिलो.

हॉस्पिटलातल्या सिस्टरने आम्हा दोघांना स्पंजावर सुई टोचायला शिकवलं. मी पहिल्या फटक्यात पास. का नाही होणार? छताच्या कडेला पट्टी न धरता सरळ रेघ ओढणाऱ्या रंगाऱ्याचा हात आहे हा! सिस्टरला तसं मी सांगितलंही. (तुमची लेक तेव्हा माझ्याकडे बघत होती, अगदी तुम्ही बघता तशी.) संध्याकाळी घरी भिंगरी फ्रॉक वर करून पलंगावर आडवी झाली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला की स्पंजाला बेंबी नसते. मी तीनदा पाणी प्यायला उठलो. चौथ्यांदा उठलो तेव्हा पोरीने मला नीट न्याहाळलं. माझं रंगांचं शेडकार्ड तिला तोंडपाठ आहे. आईला म्हणाली, "बाबा ऑफ-व्हाइट झाले." शेवटी देवाचं नाव घेऊन टोचली. ती ओरडली, मी तिच्याहून मोठ्याने ओरडलो, आणि शेजारचे मास्तर काय झालं म्हणून दार वाजवायला लागले. भिंगरी रडायची विसरून मलाच हसत बसली.

आता गंमत ऐका. हे लोह लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी लालसर झाली तर घाबरायचं नाही, औषध लागू पडल्याची ती खूण, असं बाईंनी बजावलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही मोरीत, मी शेडकार्डासकट. निघाली साधी पिवळी, नंबर बारा. तुमच्या लेकीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, अगं, पहिला हात अस्तराचा, तो कुठे दिसतो? तिसऱ्या दिवशी मात्र शेड नंबर दोनशे चौदा, 'कोवळी वीट'! वीस वर्षांत इतका सुरेख रंग मी कुणाच्या भिंतीला दिला नाही. मी अक्षरशः नाचलो. मास्तर पुन्हा धावत आले, त्यांनाही दाखवला. (बिचारे "छान" म्हणाले आणि चहा न घेताच गेले.) पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, कितपत लाल? मी कार्डच पुढे केलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला, आणि बाकीच्या आईबापांना दाखवायला म्हणून त्यांनी ते ठेवूनच घेतलं. हल्ली मी गिऱ्हाइकांना रंग तोंडी सांगतो.

त्याच बाईंना मी आपल्या भांडणाचंही विचारलं. लगेच चिडू नका. हा आजार आला कुणाकडून? त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं: निम्मा माझ्याकडून, निम्मा तुमच्या लेकीकडून, आणि नुसत्या निम्म्याने माणसाला सहसा काही होत नाही, त्याला पत्ताही नसतो. तेव्हा चार माणसांत मी 'हे तुमच्याच घराण्याचं' म्हणालो ते निम्मं चूक. (चित्राप्रमाणे निम्मं. बोललो ते मात्र पूर्ण चूक, आणि त्याची मला लाज वाटते.)

बाकी इकडे सगळं ठीक. सुईचं मी सांभाळतो, काळजी नसावी. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमचा नावडता, पण एकुलता एक,
जावई

ता. क. सुईचं मी सांभाळतो हे खोटं आहे. पहिल्या दिवशीची तेवढी माझी. तेव्हापासून तुमची लेक टोचते, आणि तिचा हात जराही हलत नाही. टोचते, वर पट्टी चिकटवते, भिंगरीला हसवते, पंपाचा दिवा लागला का बघते आणि मग मोरीत जाऊन नळ सोडते. बादली भरून वाहायला लागते तरी नळ चालूच. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. मी दाराबाहेर उभा राहतो आणि परत फिरतो. सुई टोचताना भिंगरीजवळ तिची आई असते. माझ्या बायकोजवळ तिची आई नको का?

ता. क. आणखी एक. या रविवारीच निघा, पुढच्या नको. मी स्टँडवर न्यायला येतो. तुम्हाला काही कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे, तेव्हा तुमच्या तुम्हीच आलात असं दाखवा. आणि दारात पाऊल टाकल्याबरोबर मला घालूनपाडून बोलायला सुरुवात करा. गोड बोललात तर तिला लगेच संशय येईल.