कोपऱ्यातला दाणा

आखाडा बाळापूर, रविवार, ४ जून १९४४

डोकं अजून तापलेलंच आहे. कॉलेजात गणित घ्यायचं तर सिद्ध करायची सवय आधीपासून पाहिजे, म्हणून आज ओसरीवर सुपात ज्वारीचे दाणे मांडून बसलो. एकात तीन मिळवले, चारी बाजू सारख्या असलेला चौकोन झाला. त्यात पाच मिळवले, पुन्हा चौकोन. मग सात, मग नऊ. दर वेळी चौकोनच. पण कायम होईल कशावरून?

काका शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "इतक्या डाव बराबर आलं म्हंजे बराबरच हाय. उगं तकलीफ काहून घेऊन राहिला?"

मी म्हणालो, "ढवळ्या बैलानं तरी कधी मारलं व्हतं? पोळ्याला बाशिंग बांधलं आन् त्याच दिवशी तुमाला उडवलं."

काका कमरेवर हात ठेवून उठले. "हैदराबादला जायच्या आधीच याला शिंगं फुटली!"

फुटू देत. उद्धट बोललो का? असेन. खोटं तर नाही बोललो.

मग एकट्यानं पुन्हा मांडलं. चौकोनाच्या एका बाजूला एक ओळ, दुसऱ्या बाजूला तेवढीच, आणि कोपऱ्यात एक दाणा. दोन सारख्या ओळी आणि तो कोपऱ्यातला दाणा, म्हणजे पुढची विषम संख्याच! चौकोन केवढाही होऊ दे, ओळी एकेकानं वाढणार, कोपऱ्यात दाणा एकच. यायलाच पाहिजे, काका!

आईनं दळायला ज्वारी मागितली. सूप तसंच देऊन टाकलं. आता दाणे लागत नाहीत.