राजे वेळेवर पोचतील

२७ डिसेंबर, सकाळ
आज हिने मला एक काम दिलं. हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचं पहिलंच. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे चर्चमधले पुतळे आणि त्यांचा उंट. नाताळ झाला की हे चौघे मुख्य दारापाशी उभे करतात, रोज थोडे थोडे पुढे सरकवतात आणि सहा जानेवारीला, राजांच्या सणाला, गव्हाणीत बाळ येशूसमोर पोचवतात. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळींत, नव्या वर्षाच्या शुभेच्छासुद्धा त्या दिवशीच्या मिस्साच्या उपासनेनंतर देतात. राजे पोचल्याशिवाय वर्ष लागलं असं कुणी मानतच नाही. इतकी वर्षं ही ड्यूटी हिची. यंदा ही कॉटवर.

ही म्हणाली, अहो, एवढं एक तरी नीट करा. मी म्हटलं, अख्खी नोकरी बस डेपोत कंट्रोलर म्हणून काढली, मला चार पुतळे दारापासून गव्हाणीपर्यंत नेता येणार नाहीत होय? ही म्हणाली, सहा तारखेला वॉकर धरून का होईना, चर्चमध्ये येणार आणि राजे पोचलेले डोळ्यांनी बघणार. त्याच आशेवर पडून आहे म्हणाली.

भरून आलं. लगेच टाइमटेबल करायला बसलो.

२८ डिसेंबर
टाइमटेबल तयार. तीन रंगांत. थांबे: मुख्य दार, कन्फेशनची खोली, मधला खांब, गायनमंडळाचे बाक, गव्हाण. उंटासाठी वेगळा रंग. फादरना नेऊन दाखवलं. फादर म्हणाले, वा, छानच, पण आज सरकवले का? फादर भला माणूस, पण त्यांना प्लॅनिंगमधलं काही कळत नाही.

३० डिसेंबर
कालची फेरी रद्द. कारण: जाग उशिरा आली. आजची फेरी रद्द. कारण: कालची रद्द झाल्यामुळे टाइमटेबल पुन्हा करावं लागलं. हिने विचारलं, कुठपर्यंत आले? म्हटलं, सुटण्याच्या बेतात आहेत.

३१ डिसेंबर, संध्याकाळ
गाडी सुटली! एका दमात कन्फेशनच्या खोलीपर्यंत नेले. उंट जड आहे, आणि त्याचा एक कान आधीपासूनच तुटलेला आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. नव्या वर्षाचे संकल्प: पहाटे उठणे. कुणावर संशय न घेणे. हिच्या गोळ्या वेळेवर देणे.

१ जानेवारी
नऊला उठलो. सुट्टीचा दिवस म्हणून. चर्चमध्ये जाऊन बघतो तर काय, राजे पुन्हा मुख्य दारापाशी! उंटासकट. पुन्हा उचलले, पुन्हा कन्फेशनच्या खोलीपाशी ठेवले. कुणाला काही बोललो नाही. हिच्या गोळ्या राहिल्या.

२ जानेवारी
पुन्हा दारात. आज चिडून थेट मधल्या खांबापर्यंत नेले. बघू.

३ जानेवारी, सकाळ
दारात!! आता हा योगायोग नाही. हा घातपात आहे.

दुपार
गुन्हेगार सापडला. गायनमंडळाचा पियानोवाला. गेल्या वर्षी त्याने मला गायनमंडळातून काढलं. म्हणाला होता, तुमचा आवाज मोठा आहे, पण तो कुठे जातोय ते त्यालाच ठाऊक नसतं. तो माझ्यावर दात धरून आहे. गायनमंडळाच्या सरावात गेलो आणि तोंडावर सुनावलं. त्याने वाजवणं थांबवून विचारलं, कुठले राजे? अगदी अट्टल गुन्हेगार असंच विचारतात. मग म्हणाला, तुम्ही गेल्यापासून गायनमंडळ सुरात आहे, मला आणखी काही नको. सगळ्या बायका हसल्या. मी मान ताठ ठेवून बाहेर आलो.

संध्याकाळ
जालीम उपाय केला. चर्चमध्ये कुणी नसताना चौघांना बाजाराच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. हिच्या कॉटखाली ठेवलं. हिला वाकता येत नाही, त्यामुळे जागा पक्की. आता करू दे म्हणावं घातपात.

४ जानेवारी
प्रगती शून्य, सुरक्षितता शंभर टक्के. आमच्या डेपोचं धोरणही हेच होतं. शांत झोप लागली.

५ जानेवारी
सहज म्हणून चर्चमध्ये डोकावलो आणि पायाखालची जमीन सरकली. राजे चोरीला गेले म्हणून गोंधळ! झाडलोट करणाऱ्या मावशी पहिल्या बाकावर बसून पदराने डोळे पुसत होत्या. फादर त्यांना समजावत होते. मावशी सांगत होत्या, बाई (म्हणजे आमची ही) दरवर्षी रोज फोन करून सांगायच्या, आज अमुक ठिकाणी ठेव. यंदा फोन नाही. आणि कुणीतरी येडा माणूस रोज राजे मधेच कुठेतरी टाकून जायचा. म्हणून मी रोज झाडून झालं की ते उचलून दारात नीट ठेवायची. आता लोक म्हणतील, मावशीच्या हातून गेले.

येडा माणूस म्हणजे कोण, ते माझ्या ताबडतोब लक्षात आलं.

मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण पियानोवाला समोर उभा, गायनमंडळाच्या बायका उभ्या, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, की हल्ली कुणाचा भरवसा राहिला नाही. मावशींनी मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवा प्लॅन: उद्या सगळ्यांच्या आधी पोचायचं. राजे गुपचूप गव्हाणीत ठेवायचे. लोकांना चमत्कार वाटेल. चमत्काराने श्रद्धा वाढते. कुणाचंच नुकसान नाही.

हिने विचारलं, राजे कुठवर आले? म्हटलं, अगदी जवळ आलेत. हे खोटं नव्हतं. ही ज्या कॉटवर होती त्याच्याच खाली होते.

६ जानेवारी, दुपार
जे झालं ते लिहितो.

सगळ्यांच्या आधी निघायचं राहिलं. हिला तयार व्हायला वेळ लागला. नवी साडी नेसली, केसांत क्लिप लावली, दारात उभी राहून म्हणाली, चला. इतक्या महिन्यांनी तिचा चेहरा असा बघितला. एका हातात राजांची पिशवी, दुसऱ्या हाताला ही, असे बसमध्ये चढलो. ड्रायव्हरने गाडी थांबवून धरली. शिस्तीचा माणूस. ही खिडकीशी बसली, पिशवी आमच्या मधे. उतरताना हिने विचारलं, सगळं घेतलंत ना? म्हटलं, तू पायाकडे बघ, बाकीचं मी बघतो. वॉकर घेतला. हिला उतरवलं. लोक कौतुकाने बघत होते. बस गेली.

चर्चच्या दारात आठवलं.

ही आत शिरली. वॉकर टेकवत, पाऊल पाऊल. मुख्य दार, कन्फेशनची खोली, मधला खांब. लोक बाजूला सरून वाट देत होते. मी शेजारून चाललो होतो आणि मला धड रडताही येत नव्हतं. गायनमंडळाच्या बाकांपाशी ती दम खायला थांबली. मग गव्हाणीपाशी पोचली. गवत होतं, बाळ होतं, मेंढ्या होत्या. राजांची जागा रिकामी.

मिस्साच्या वेळी फादर म्हणाले, ज्या कुणी आपले राजे नेले त्याच्या मनपरिवर्तनासाठी प्रार्थना करू या. हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक, असं सगळे म्हणाले. माझा आवाज सगळ्यांत मोठा लागला. पियानोवाल्याने वळून बघितलं.

तेव्हा ही माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, पिशवी कुठाय?

बसमध्ये उंटाचा कान दिसला होता म्हणे तिला. तुटका. तिने ओळखला. पण हे काहीतरी करून वेळेवर ठेवतील, असं वाटलं तिला.

मिस्सा संपल्यावर फादरना सांगितलं. फादर म्हणाले, मला नको, मावशींना सांगा, आणि सगळ्यांसमोर. सांगितलं. मावशींनी एकदा नाक ओढलं आणि झाडू घेऊन आत गेल्या. नव्या वर्षाच्या शुभेच्छा मला पहिल्यांदा पियानोवाल्याने दिल्या. हात दाबून दिल्या. तेच जास्त लागलं. घरी येईपर्यंत ही बसच्या खिडकीबाहेर बघत होती.

७ जानेवारी
डेपोत गेलो. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर माझा जुना हाताखालचा माणूस. वर्णन विचारलं. म्हटलं, तीन राजे, एक उंट, एक कान कमी. त्याने पिशवी काढून दिली. म्हणाला, साहेब, काल दिवसभर हिंडले, सगळ्या फेऱ्या वेळेवर झाल्या. हसला नाही. तसा सभ्य आहे.

पिशवी चर्चमध्ये नेली. मावशींनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि राजे गव्हाणीत ठेवले. दोन मिनिटांचं काम.

घरी येऊन हिला सांगितलं, पोचले. ही म्हणाली, पुढच्या वर्षी मीच करीन. त्यासाठी मला चालता यायलाच हवं, तुमच्यावर टाकून भागणार नाही. आणि वॉकर बाजूला सारून, भिंतीला हात लावत, स्वयंपाकघराकडे निघाली. मी धरायला धावलो. म्हणाली, राहू द्या. मी दोन्ही हात पसरून मागे मागे चालत राहिलो, हात न लावता. पोचली. स्वतः पाणी घेऊन प्यायली.

मग वळून एवढंच म्हणाली की या चालण्याचं टाइमटेबल करू नका.

केलं होतं. फाडून टाकलं.